गेमच्या मॅपमध्ये दडलेले ‘अदृश्य ट्रिगर’ नेमके असतात काय? ते सेट कसे करतात आणि मल्टिप्लेअरमध्ये घोळ कुठे होतो?

तुमचं कॅरेक्टर गुहेच्या तोंडाशी पोचतं. समोर कुणी नाही, जमिनीवर काही नाही. तुम्ही दोन पावलं पुढे टाकता आणि एकदम म्युझिक बदलतं, मागचं दार धाडकन बंद होतं आणि अंधारातून राक्षस बाहेर येतो.

आता प्रश्न असा की, तुम्ही आत आलात हे गेमला कळलं कसं? तुम्ही कुठलं बटण दाबलं नाही, कशावर क्लिक केलं नाही.

याचं उत्तर म्हणजे ट्रिगर. मॅप बनवणाऱ्याने गुहेच्या तोंडाशी एक न दिसणारा डबा ठेवलेला असतो. तुम्ही त्याच्या हद्दीत शिरलात की तो सर्व्हरला खबर देतो आणि पुढचं सगळं नाट्य सुरू होतं. रोल-प्लेइंग गेममधली दारं, सापळे, क्वेस्ट, एका मॅपमधून दुसऱ्या मॅपमध्ये जाणं, सुरक्षित झोन, यातलं बरंचसं काम असे डबे करतात.

एकट्याने खेळायच्या गेममध्ये हे प्रकरण तसं सोपं असतं. पण एकाच मॅपवर वीस-पंचवीस जण खेळत असतील तर एका चुकीच्या सेटिंगमुळे बाकीच्यांचं क्वेस्ट अडकू शकतं. म्हणून हे ट्रिगर काय असतात, ते कसे सेट करतात आणि कुठे फसतात, ते नीट समजून घेऊ.

ट्रिगर म्हणजे काय? कबड्डीतून समजून घ्या

कबड्डीच्या मैदानावरची बोनस लाइन आठवा. ती रेघ स्वतः काहीच करत नाही, कुणाला अडवत नाही. पण रेडरने एक पाय तिच्या पलीकडे टेकवला, दुसरा पाय हवेत ठेवला आणि समोर सहा किंवा त्याहून जास्त बचावपटू असले, तर एक गुण मिळतो. पाचच बचावपटू असतील तर तीच रेघ, तोच पाय, पण गुण नाही.

गेममधला ट्रिगर अगदी असाच चालतो. त्याचे तीन भाग असतात:

- हद्द: मॅपवरचा ठरावीक भाग. कधी गोल, कधी चौकोनी डबा, कधी हाताने आखलेला वेडावाकडा आकार.
- अट: कोण आत आलं, त्याच्याकडे चावी आहे का, आधीचं काम झालंय का.
- परिणाम: दार उघडणं, राक्षस येणं, मेसेज दिसणं, गुण मिळणं.

आणि कबड्डीत रेडरने स्वतः ‘बोनस, बोनस’ ओरडून गुण मिळत नाही, तो पंच देतात. मल्टिप्लेअर गेममध्ये पंचाचं काम सर्व्हर करतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे चीटिंगच्या वेळी तो लागणार आहे.

मग तो अदृश्य का ठेवतात?

कारण खेळाडूला गुहा दिसली पाहिजे, गुहेच्या तोंडाशी लावलेला हिशेबाचा डबा नाही. सापळ्याची हद्द रंगवून ठेवली तर सापळ्यात मजाच उरत नाही.

दुसरं कारण सोयीचं आहे. गुहेचं डिझाइन बदललं, दगड हलवले, झाडं वाढवली तरी ट्रिगर वेगळा असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. देखावा वेगळा आणि नियम वेगळा, अशी ही विभागणी आहे.

मॅप बनवणाऱ्याला मात्र तो दिसतो. एडिटरमध्ये ट्रिगरची चौकट किंवा रंगीत आकार दिसतो. तो लपतो फक्त खेळताना.

प्रसिद्ध गेममध्ये हे कुठे दिसतं?

कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने २००२ मध्ये ‘नेव्हरविंटर नाइट्स’ हा रोल-प्लेइंग गेम आणला. त्याच्यासोबत ऑरोरा टूलसेट नावाचं मॅप बनवायचं सॉफ्टवेअरही दिलं. त्यामुळे सामान्य खेळाडू स्वतःचं जग बनवून, स्वतःचा सर्व्हर लावून, त्यावर इतरांना बोलवायला लागले. या टूलसेटमध्ये ट्रिगर जमिनीवर एकेक कोपरा क्लिक करत आखायचा असतो. मग ‘कुणी आत आलं’, ‘कुणी बाहेर गेलं’ अशा प्रसंगांना स्क्रिप्ट जोडायची. साधा ट्रिगर, मॅप बदलणारा ट्रिगर आणि सापळा असे त्याचे प्रकारही होते.

ब्लिझार्डचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्ये आला. त्यात खाणावळीत शिरलं की तुमचं कॅरेक्टर ‘विश्रांती’च्या स्थितीत जातं. तिथे वेळ काढला की पुढे राक्षस मारताना काही काळ दुप्पट अनुभव-गुण मिळतात. खाणावळीची ही हद्द तुम्हाला दिसत नाही, पण असते. त्याच गेमच्या वॉरसाँग गल्च या मैदानात शत्रूचा झेंडा पळवून आपल्या तळावर आणायचा असतो. पण आपला झेंडा जागेवर नसेल तर तळावर पोचूनही गुण मिळत नाही. हद्द गाठली, अट पूर्ण नाही, परिणाम शून्य. पुन्हा बोनस लाइनच!

सेट कसा करतात? रोब्लॉक्सचं उदाहरण

आज स्वतः करून बघायचं असेल तर रोब्लॉक्स स्टुडिओ हा सोपा पर्याय आहे. तो फुकट आहे आणि रोब्लॉक्सवरचे कितीतरी मल्टिप्लेअर रोल-प्लेइंग गेम त्यातच बनलेत. फक्त एक अडचण आहे. रोब्लॉक्सचे गेम मोबाईलवर खेळता येतात, पण स्टुडिओसाठी विंडोज किंवा मॅक कॉम्प्युटरच लागतो.

समजा, गुहेत शिरल्यावर मेसेज दाखवायचा आहे. तर असं करायचं:

१. डबा ठेवा. मॅपमध्ये एक साधा ‘पार्ट’ टाका आणि गुहेचं तोंड पूर्ण झाकेल इतका मोठा करा. बाजूने किंवा वरून उडी मारून कुणी सुटणार नाही ना, हे बघा. खूप पातळ ठेवू नका. रोब्लॉक्समध्ये अंतर ‘स्टड’मध्ये मोजतात आणि कॅरेक्टरचा नेहमीचा वेग सेकंदाला १६ स्टड असतो. तुमच्या गेममध्ये घोडा, गाडी किंवा वेग वाढवणारं जादूचं औषध असेल तर पातळ पट्टी ओलांडताना स्पर्शाची नोंद हुकू शकते. काही स्टड जाडी ठेवलेली बरी.

२. नाव द्या. ‘पार्ट’ हेच नाव ठेवलं तर महिन्याभरात मॅपमध्ये असे पन्नास पार्ट होतील आणि कुठला कशाचा ते तुम्हालाच कळणार नाही. ‘गुहा-प्रवेश-ट्रिगर’ असं काहीतरी स्पष्ट नाव द्या. सगळे ट्रिगर एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

३. प्रॉपर्टी बदला. इथे पाच गोष्टी महत्त्वाच्या आहेत:

- ट्रान्स्परन्सी १ करा. म्हणजे डबा दिसणार नाही.
- कॅनकोलाइड बंद करा. म्हणजे खेळाडू डब्याला आपटणार नाही, आरपार जाईल. हे विसरलात तर गुहेच्या तोंडाशी न दिसणारी भिंत उभी राहील.
- अँकर्ड चालू करा. नवशिक्यांची हमखास चूक इथे होते. कॅनकोलाइड बंद आणि अँकर्डही बंद असेल, तर गेम सुरू होताच डबा जमिनीतून आरपार खाली पडतो आणि ठरावीक खोलीखाली गेला की नष्ट होतो. मग ‘काल चालत होतं, आज का नाही?’ म्हणत डोकं खाजवायची वेळ येते.
- कॅनटच चालू ठेवा. हे बंद असेल तर स्पर्शाची खबरच मिळणार नाही.
- कॅनक्वेरी गरज नसेल तर बंद करा. नाहीतर बाण किंवा गोळीचा निशाणा तपासणारा कोड या न दिसणाऱ्या डब्यालाच भिंत समजू शकतो आणि खेळाडू म्हणतो, ‘समोर कुणी नाही तरी बाण अडतोय!’

४. स्क्रिप्ट जोडा. रोब्लॉक्सची स्क्रिप्ट लुआऊ या भाषेत लिहितात. डब्याच्या ‘टच्ड’ या इव्हेंटला आपलं फंक्शन जोडायचं. स्पर्श झाला की आधी विचारायचं, ‘हा खरंच खेळाडू आहे का?’ कारण डब्याला राक्षस, उडालेला दगड किंवा खेळाडूच्या हातातली तलवारही लागू शकते.

५. दोन खेळाडूंनी तपासा. स्टुडिओमध्ये एकाच कॉम्प्युटरवर लोकल सर्व्हर लावून दोन किंवा जास्त खेळाडूंची चाचणी घेता येते. एकट्याने खेळून ‘चालतंय’ म्हणणं मल्टिप्लेअरमध्ये पुरेसं नसतं. का, ते आता बघू.

घोळ पहिला: एक पाऊल, दहा स्पर्श

रोब्लॉक्समधलं कॅरेक्टर एकसंध नसतं. आर-१५ प्रकारच्या अवताराचे १५ वेगळे भाग असतात. त्यामुळे एक खेळाडू डब्यात शिरला की आधी पाय, मग हात, मग धड असे एकामागून एक स्पर्श नोंदले जातात. ट्रिगर शंभर नाणी देणारा असेल तर एकाच फेरीत हजार नाणी खिशात!

यावरच्या उपायाला ‘डिबाउन्स’ म्हणतात. एकदा स्पर्श झाला की ठरावीक काळ पुढचे स्पर्श दुर्लक्षित करायचे. पण हे कुलूप सगळ्यांसाठी एकच लावलं तर पहिला खेळाडू शिरल्यावर त्याच्या मागोमाग आलेल्या मित्राला काहीच मिळत नाही. म्हणून प्रत्येक खेळाडूच्या नावावर वेगळी नोंद ठेवायची आणि तो गेम सोडून गेला की ती पुसायची.

घोळ दुसरा: ‘एकदाच’ म्हणजे कुणासाठी एकदाच?

मल्टिप्लेअर ट्रिगरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. तुम्ही ठरवलं, ‘गुहेतला म्हातारा आपली गोष्ट एकदाच सांगेल.’ पण एकदाच म्हणजे नेमकं काय?

- प्रत्येक खेळाडूला एकदा: क्वेस्ट, गोष्ट, बक्षीस यासाठी बहुतेक वेळा हेच हवं असतं.
- प्रत्येक टीमला एकदा: चार जणांनी मिळून लढायच्या मोठ्या लढाईसाठी.
- सर्व्हरवर एकदा: पूल कोसळणं, गावाला आग लागणं अशा सगळ्यांना दिसणाऱ्या घटनांसाठी.

खूण ट्रिगरवर ठेवली तर ती सगळ्यांची होते. पहिला खेळाडू येतो, गोष्ट ऐकतो, ट्रिगर बंद पडतो. रात्री कामावरून आल्यावर लॉग-इन करणाऱ्या दुसऱ्या खेळाडूसाठी म्हातारा कायमचा मुका! म्हणून वैयक्तिक गोष्टींची खूण खेळाडूवर ठेवायची.

पण तेही पुरत नाही. नेव्हरविंटर नाइट्समध्ये कॅरेक्टरवर ठेवलेली तात्पुरती खूण सर्व्हर रीस्टार्ट झाला की जाते. म्हणून महत्त्वाच्या नोंदी डेटाबेसमध्ये लिहाव्या लागतात. रोब्लॉक्समध्ये त्यासाठी ‘डेटा स्टोअर’ आहे. शिवाय रोब्लॉक्सचा एकच गेम एका वेळी अनेक सर्व्हरवर चालतो. तुमच्या सर्व्हरवर पूल कोसळला तरी दुसऱ्या सर्व्हरवर तो शाबूत असतो. ‘सगळ्या जगासाठी एकदा’ हवं असेल तर वेगळी सोय करावी लागते.

घोळ तिसरा: नेट गेलं आणि हिशेब चुकला

समजा, नियम असा आहे की चार जण आत आले की दार बंद होऊन लढाई सुरू. त्यासाठी कुणी आत आलं की आकडा एकने वाढवायचा, बाहेर गेलं की कमी करायचा. कागदावर एकदम बरोबर.

पण एकाचं नेट गेलं तर? दुसरा आतच मेला आणि गावात जिवंत झाला तर? तिसऱ्याने जादूने थेट दुसरीकडे उडी मारली तर? ‘बाहेर गेला’ ही खबर दर वेळी मिळेलच असं नाही. आकडा चुकतो आणि आत दोघंच असताना दार बंद होतं. रोब्लॉक्समध्ये स्पर्श संपल्याची खबर तर अशीही बेभरवशाची मानली जाते, कारण चालताना हात-पाय हलले तरी ती येऊ शकते.

यावर उपाय सोपा आहे. आकड्यावर विश्वास ठेवू नका, माणसं मोजा. दार बंद करायच्या क्षणी सर्व्हरला विचारा, ‘या डब्यात आत्ता कोण कोण आहे?’ रोब्लॉक्समध्ये ‘गेटपार्ट्सइनपार्ट’ नावाचं फंक्शन यासाठीच आहे. शाळेच्या सहलीत बस सुटण्याआधी बाई यादी न बघता डोकी मोजतात, तसंच हे.

मात्र ही मोजणी सतत करत बसू नका. नेव्हरविंटर नाइट्समध्ये ‘हार्टबीट’ नावाचा इव्हेंट दर ६ सेकंदांनी चालतो. मॅपमधल्या शेकडो ट्रिगरना हार्टबीट लावला तर कुणी जवळपास नसतानाही सर्व्हर हिशेब करत राहतो आणि सगळ्यांचा गेम अडखळतो. आत आल्याची खबर पुरेशी असेल तिथे तेवढ्यावरच भागवा.

घोळ चौथा: चीटिंग

आता पंचाचा मुद्दा. रोब्लॉक्समध्ये तुमच्या कॅरेक्टरच्या हालचालीचा हिशेब तुमच्याच फोनवर किंवा कॉम्प्युटरवर होतो, म्हणजे चालताना गेम अडखळत नाही. पण याची दुसरी बाजू अशी की, चीट वापरणारा खेळाडू ‘मी डब्याला शिवलो’ अशी खोटी खबर पाठवू शकतो. गावात बसून गुहेतला खजिना लुटायचा!

म्हणून खबर मिळाली की सर्व्हरने स्वतः तपासायचं:

- हा खेळाडू खरंच ट्रिगरच्या जवळ आहे का?
- त्याने आधीचे टप्पे पूर्ण केलेत का?
- शर्यतीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत इतक्या कमी वेळात पोचणं शक्य आहे का?

वॉरक्राफ्टच्या धर्तीवर बनलेल्या ट्रिनिटीकोर या ओपन-सोर्स सर्व्हर प्रकल्पातही हीच पद्धत दिसते. खेळाडूच्या बाजूने ट्रिगरची खबर आली की सर्व्हर त्याची जागा तपासतो आणि तो लांब असेल तर खबर सोडून देतो.

बक्षीस देणारा कोड नेहमी सर्व्हरवर ठेवायचा. आवाज, धूर, मेसेज अशा फक्त दिसण्या-ऐकण्याच्या गोष्टी खेळाडूच्या बाजूला चालवल्या तरी हरकत नाही. तिथे कुणी फसवणूक केली तरी नुकसान कुणाचंच होत नाही.

मॅप लोकांसाठी खुला करण्याआधी काय तपासायचं?

- डब्याला वळसा घालून, उडी मारून किंवा उलट बाजूने येऊन बघा.
- दोघांनी एकाच वेळी आत शिरा.
- एकाने काम पूर्ण केल्यावर दुसऱ्याला तेच करता येतं का ते बघा.
- डब्यात उभं राहून गेम बंद करा आणि पुन्हा सुरू करा.
- डब्याच्या आत मरून बघा.
- राक्षसाला किंवा पाळीव प्राण्याला आत ओढून आणा.
- सर्व्हर रीस्टार्ट करून जुन्या नोंदी टिकल्यात का ते बघा.
- चाचणीपुरती ट्रान्स्परन्सी ०.५ ठेवा, म्हणजे डबा अर्धवट दिसेल. खुला करण्याआधी पुन्हा १ करायला विसरू नका.

मी तर फक्त गेम खेळतो, मला याचा काय उपयोग?

उपयोग आहे. क्वेस्टच्या जागी पोचलात आणि काहीच झालं नाही, तर तिथेच उड्या मारत बसू नका. बहुतेक ट्रिगर ‘आत येण्याच्या’ क्षणी चालतात, आत उभं राहिल्याने नाही. तुम्ही लॉग-इन झालात तेच त्या हद्दीत असाल, तर शिरण्याचा क्षण घडलेलाच नसतो. थोडं लांब जा आणि चालत परत या. घोड्यावरून किंवा उडत आला असाल तर खाली उतरून या. टीममध्ये असाल तर बाकीच्यांचे आधीचे टप्पे पूर्ण झालेत का ते विचारा.

तरीही दार उघडलं नाही, तर गेम बनवणाऱ्याला कळवा. पण नुसतं ‘क्वेस्ट चालत नाही’ असं लिहू नका. कुठे होतात, कुठल्या दिशेने आलात, सोबत किती जण होते आणि आधी कुणी तेच क्वेस्ट पूर्ण केलं होतं का, एवढं सांगा. डबा तुम्हाला दिसत नसला तरी एवढ्या माहितीवरून बनवणाऱ्याला तो बरोबर सापडतो.